तीन बोटांचे बूट

त्या राज्यात चीक डोंगरावर निघे आणि बूट बंदरात होत.

"आत्ये, तुझी ती खोप म्हणजे साऱ्या डोंगराच्या गळ्याला फास आहे!" भिवा अस्वल ओरडला.

"गळ्याला नाही रे, पायाला आहे. जरा खाली बघ," येसू सायाळ म्हणाली.

सातविणीखालची सभा सकाळपासून अशीच चालली होती. भिवा डोंगराचा गावकर, म्हणजे शेवटचा शब्द त्याचा. येसू कुणीच नव्हती. काटे पिकून पांढरे झालेली, पुढचा एक दात पडलेली म्हातारी. कुणाकडे काही शिकायला गेली नव्हती आणि कुणाला विचारून बोलत नव्हती. भांडण तिच्या ओढ्याकाठच्या खोपीवरून होते. त्या खोपीत ती बूट करी. बंदरातून बगळ्यांचा निरोप आला होता: आमचा वकील वर येतो आहे, त्याच्यासमोर ती खोप बंद करावी, तिच्यातले मातीचे साचे फोडावेत आणि तसे करारावर लिहून द्यावे, नाहीतर येत्या हंगामात बंदर डोंगराचा माल उचलणार नाही आणि मीठही पाठवणार नाही. वकील दुपारपर्यंत पोचणार होता. त्याच्या आत डोंगराला ठरवायचे होते.

येसूला विचाराल तर ठरवण्यासारखे काही नव्हतेच. पण भिवाचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. मीठ बंदरातूनच येई, आणि मिठावाचून पावसाळा निघत नसे.

डोंगरावर पूर्वी सगळ्या जातीची झाडे होती. मग बगळ्यांच्या पणजोबांनी चोचीतून एक बी आणले आणि सांगितले, हे लावा, बाकीचे काढा. डोंगराने लावले आणि काढले. सभेची सातवीण आणि दारची बिंबले सोडली तर आता चहूकडे एकच झाड होते. सरळ, एका उंचीचे, रांगेत उभे केलेले. उजाडले की प्राण्यांनी त्याच्या सालीला तिरकी चीर द्यायची, खाली करवंटी बांधायची आणि ऊन चढायच्या आत तिच्यात ठिबकलेला पांढरा चीक गोळा करायचा. त्यात बिंबलाच्या फळांचा आंबट रस घातला की तो दह्यासारखा बसे. मग लाटून त्याच्या पोळ्या करायच्या, धुरावर वाळवायच्या आणि गठ्ठे बांधून नदीने खाली धाडायचे. डोंगराचे काम इथे संपे.

बंदरात एक तपासनीस बगळा प्रत्येक पोळी उन्हात धरून तिच्यातून आरपार पाही. सालीचा एवढासा कण दिसला की म्हणे, "तिसरी प्रत." एका वर्षी येसूने चीक चार वेळा गाळला आणि गठ्ठ्यांबरोबर ती स्वतः खाली गेली. पोळी अशी उतरली होती की तिच्यातून पलीकडचा काठ दिसावा. तपासनिसाने ती धरली, फिरवली, पुन्हा धरली आणि म्हणाला, "फार उजेड येतो. तिसरी प्रत." पहिली प्रत कशी असते ते डोंगरावर कुणी पाहिले नव्हते.

पुढे त्या पोळ्यांचे कारखान्यात काय होई ते बगळ्यांना ठाऊक. कारखान्याला दार होते, पण ते डोंगराच्या बाजूला नव्हते. पावसाळा सरला की नावेतून बूट वर येत आणि अख्ख्या गठ्ठ्यामागे एक जोड हातावर ठेवला जाई. नको म्हणायची सोय नव्हती. डोंगर जांभ्याचा, कातरीसारख्या धारेचा, पावसात जळवांनी भरलेला. अनवाणी पायाने रोज तीनशे झाडे फिरायची म्हणजे तळव्यांची चाळण.

ते बूट बगळ्याच्या पायाचे असत. पुढे तीन लांब बोटे, मागे एक टोक. पाय दुसऱ्या तऱ्हेचाही असतो हे बंदराने कधी पाहिले नव्हते, आणि पाहायला त्याला वेळ नव्हता. सशांनी बुटात गवत कोंबले. वानरांनी अंगठा दुमडून तळव्याखाली घेतला. अस्वलांनी पाच बोटांतली दोन-दोन एकत्र बांधली. जांभ्यावर तळ फाटला की सारे सालीचे ठिगळ लावून हंगाम काढत. कुणाला फोड आला तर तो बुटाला बोल लावत नसे, पाय लपवी. आया पिल्लांची बोटे लहानपणीच सुतळीने तिनांत आवळत, म्हणजे पुढे जड जाणार नाही. ज्याचा पाय बुटात नीट बसे त्याला डोंगरावर सभ्य समजत, आणि लग्नाच्या बोलणीत हे आधी विचारले जाई.

नवा बूट हाती आला की सारे त्याला आधी हुंगत. त्याला एक उग्र, नाकात बसून राहणारा वास असे. त्याला 'बंदराचा वास' म्हणत, आणि तो घेताना डोळे मिटत.

येसूने बूट कधी घातले नाहीत. तिला उकरायला नख्या लागत. त्यामुळे ती अडाणी ठरली होती, आणि ते तिला सोयीचे होते. अडाणी म्हातारीला शिकवायला कुणी येत नाही.

एका सकाळी चिकाच्या मडक्यावरून वाकताना तिचा एक काटा गळून आत पडला. तिने तो उपसला आणि कुंपणात खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याच्यावर पातळ कातडी चढलेली. येसूने ती वरून खाली गुंडाळत सोलली. हातात एक नळी आली, मऊ, एकसंध, ताणली की लांबणारी आणि सोडली की होती तेवढी होणारी. येसूने ती बराच वेळ ताणली आणि सोडली.

शेजारी ताना सशीण पाय चाटत बसली होती. तिच्या एका बोटाला जांभ्याने चीर पडली होती आणि दवाची ओल लागून ती भरत नव्हती. येसूने नळीचा तुकडा तोडला, एका टोकाला गाठ मारली आणि तानाच्या बोटावर टोपीसारखा चढवला. ताना दिवसभर ओल्या गवतातून हिंडली. संध्याकाळी टोपी काढली तर बोट कोरडे.

"आत्ये, हे कुठून आणलंस?"

"झाडातून."

"बंदरातून नाही?"

"बंदरात झाड आहे का गं एक तरी?"

तानाने कान हलवले. तिने असा विचार कधी केला नव्हता. येसूनेही केला नव्हता. बोलून गेल्यावर तिला तो दिसला. चीक ताजा असतो तोवर ज्यावर चढेल त्याचा आकार घेतो, आणि दुपार झाली की गोठतो. म्हणजे ताजा चीक बंदराने जन्मात पाहिलेला नाही. त्यांच्याकडे जाते ती त्याची वाळकी पोळी. काटा बुडवून जे होते ते बगळ्यांना कधीही जमायचे नाही, कारण त्यांना झाडापाशी राहायला नको. हे कळल्यावर येसूला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. रोज सकाळी करवंटीत घेऊन आपण काय आंबवत होतो, याचा राग.

ओढ्याकाठी धुरी देण्याची एक जुनी खोप ओस पडली होती. ती तिने झाडून घेतली आणि कामाला लागली. मातीचा साचा करायचा, चिकात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. असे सात थर. वरचा काठ बोटांनी खाली वळत आणायचा, म्हणजे तिथून फाटत नाही. हे सगळे तिने आपले आपण बसवले, चुकत आणि शिव्या देत. पहिला जोड सोलून तिने तानापुढे ठेवला. तानाने पाय घातले, चार पावले टाकली आणि म्हणाली, "छान आहेत."

"मग लंगडतेस कशाला?"

"बूट आहेत ना आत्ये. लंगडायला होणारच."

येसूने बुटाकडे नीट पाहिले. पुढे तीन बोटे, मागे एक टोक. डोंगराच्या मातीचा, डोंगराच्या चिकासाठी, तिने स्वतःच्या हाताने बगळ्याचा पाय घडवला होता. बूट म्हणजे असाच, हे तिच्याही मनात बसून होते. जिने बूट कधी पायात घातला नाही तिच्या. साचा उचलून तिने ओढ्यातल्या दगडावर आपटला. मग लाल माती भिजवली, पाटाएवढी थापली आणि म्हणाली, "काढ ते. आणि इथे पाय ठेव."

"नको आत्ये. माझा पाय वाईट आहे."

"कोण म्हणालं?"

तानाला आठवेना. म्हटले कुणीच नव्हते. शेवटी तिने पाय बाहेर काढला, चोळून पसरला आणि ओल्या मातीत टेकताना मान पलीकडे वळवली. येसूने ठसा पाहिला, पाय हातात घेऊन वरून खालून चाचपला आणि त्या मापाचा साचा केला. डोंगरावर कुणी कुणाच्या पायाचे माप घेतले त्याची ती पहिली वेळ.

तो जोड घालून ताना पळाली. सशीण पळते हे डोंगर विसरून गेला होता; झाडावरची वानरे हातातले टाकून पाहत राहिली.

पण चौथ्या दिवशी ऊन कडक पडले. ताना सभेजवळच्या कातळावर उभी होती. जायला निघाली तेव्हा पाय उचलले गेले, बूट उचलले गेले नाहीत. ते पाघळून कातळाला चिकटले होते. सारा डोंगर बघायला जमला. भिवाही आला. कातळाभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "आत्ये, कातळाला अगदी बेताचे बसलेत हो. आता शेजारच्या कातळालाही एक जोड कर, तो रुसेल." लोक हसून हसून लोळले. हसताना त्यांचे स्वतःचे बूट चावत होते, पण त्याची त्यांना सवय होती.

बंदरातून निरोप आला, मोठ्या कळवळ्याचा: बूट करणे ही विद्या आहे, ती डोंगराच्या हवेला टिकत नाही, म्हातारीने जिवाला लावून घेऊ नये.

येसू पुढे दोन महिने कुणाशी बोलली नाही. बंदराचा एक जुना बूट घेऊन ती खोपीपुढे बसे. त्याला चावे, ताणे, उन्हात टाके. तो पाघळत नसे. चीक तर याच झाडांचा. मग वेगळे काय? वेगळा होता तो वास. बाकीचे तो डोळे मिटून घेत. येसूने डोळे उघडे ठेवून घेतला आणि तिला तो ओळखीचा वाटला.

डोंगराच्या मागल्या अंगाला कढत पाण्याचा झरा होता. त्याच्या कडेला पिवळ्या मातीची साय धरे आणि नासक्या अंड्यांसारखी घाण सुटे. तिकडे कुणी फिरकत नसे. फिरकत ते बगळेच. दर वर्षी त्यांच्या दोन नावा ती पिवळी माती भरून नेत. आमच्या पिसांत खरूज होते, तिच्यावर हे औषध आहे, असे ते सांगत. आणि डोंगरावरचे प्राणी बगळ्यांची कीव करून त्या नावा स्वतः भरून देत, वर लवकर बरे व्हा म्हणत.

येसू झऱ्यावर जाऊन उभी राहिली. बंदराचा वास तिच्या चहूबाजूंनी वाफेसारखा वर येत होता. ती इतकी भडकली की तिचे काटे उभे राहिले आणि दोन दिवस खाली बसेनात. दोन दिवस तिला खोपीच्या दारातून आत जाता आले नाही.

काटे बसल्यावर तिने पिवळी माती वाटली, चिकात कालवली, थरावर थर चढवले आणि निखाऱ्यांच्या मंद आचेवर बूट भाजले. पहिले करपले. पुढचे लाकडासारखे कडक झाले. काहींना माती जास्त झाली, काहींना आच कमी पडली. अकरावा जोड तिने उन्हात टाकला, थंडीत टाकला, दगडाने ठेचला. तो होता तसाच राहिला. तिने तो तानाला दिला आणि म्हणाली, "जा, कातळावर नाच."

त्यानंतर खोपीपुढे रांग लागली असे सांगायला बरे वाटले असते. रांग लागली नाही. एकेकजण येई, तोही मागच्या ओढ्याने, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून. माप द्यायचे म्हणजे पाय दाखवायचा, आणि पाय दाखवणे डोंगरावर नागवे होण्यासारखे झाले होते. म्हातारा वानर आला तो पाठमोरा बसला आणि पाय मागे सरकवला. खवले मांजराची दोन बोटे एकमेकांत रुतून एकच झाली होती. ती सुटायला येसूला तेल घालून अर्धा दिवस लागला. ती कुणाला काही बोलली नाही. ठसा घ्यायची, पाय हातात धरून चाचपायची आणि म्हणायची, "हं, दुसरा." काहीजण माप देऊन रडले. काहीजण बूट न्यायला आले ते कामालाच राहिले. वानर चीक कालवू लागला, खवले मांजर पिवळी माती वाटू लागले, आणि काठ वळण्यात तानाचा हात कुणी धरू शकेना. फळीवर भाजक्या मातीचे पाय मांडले गेले, सशांचे, वानरांचे, उदमांजरांचे, एक इवलासा खारीचा. आणि दर पायाखाली खडूने ज्याचे त्याचे नाव.

त्या वर्षी बंदराची नाव बूट घेऊन वर आली आणि भरलेलीच परत गेली.

बगळ्यांनी आधी कळवले, की ज्या बुटांवर बंदराची मोहर नाही ते बूट नव्हेत. डोंगराने ते वाचले आणि बूट घालून कामाला गेला. मग कळवले, की खोपीच्या वासाने नदी नासते. ज्या वासाला डोळे मिटायचे तोच हा वास, हे तेव्हा डोंगराच्या लक्षात आले. तेव्हा बगळ्यांनी कळवाकळवी थांबवली आणि मिठाचे नाव काढले.

म्हणून हे भांडण.

"पहिली प्रत देणार आहेत, आत्ये!" भिवा सांगत होता. "सगळ्या पोळ्यांना! आपल्या बापजाद्यांनी पाहिली नाही ती प्रत. लेखी देतात."

"कुठली पोळी पाहून?"

"न पाहता!"

"तेच म्हणते मी. इतकी वर्षं पाहून तिसरी दिली, आता न पाहता पहिली देतात. मग तेव्हा ते पाहत काय होते?"

सभेत दोघेतिघे हसले. भिवा चिडला.

"तुला एकटीला बोलायला काय जातं? मला घरं सांभाळायचीत. मीठ नाही आलं तर आषाढात पोरांना काय चाटवू? तुझे बूट?"

"गावकर," ताना मध्येच म्हणाली. सभेत ती कधी बोलली नव्हती. "मला पळता येतं आता."

"पळून मीठ मिळतं?"

तानाने मान खाली घातली. भिवाला ते पाहवले नाही, पण शब्द गेला होता. तो तसा वाईट नव्हता. मिठाची रिकामी होत चाललेली कोठी त्याने डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती ज्याने पाहिली त्याला कुणाच्या पळण्याला टाळ्या मारता येत नाहीत. मात्र एक गोष्ट खरी, की साऱ्या डोंगरात खोपीत माप द्यायला न गेलेला तो एकटाच उरला होता. त्याची बोटे दोन-दोन बांधलेली होती, आणि भर सभेत गावकराने पाय उघडा कसा करायचा?

"भिवा," येसू जरा खालच्या पट्टीत म्हणाली, "चीक आपला, माती आपली, विस्तव आपला. त्यांचं काय आहे त्या बुटात?"

"नाव आहे, आत्ये. नाव त्यांचं आहे."

याला उत्तर तिच्या ओठांवर आले होते, पण तेवढ्यात वकील आला.

बगळ्यांना पंख असतात. पण बंदरात उडणे हे हलक्या बगळ्यांचे काम मानत. मानाच्या बगळ्याने बूट घालून चालत यावे अशी पद्धत होती. वकील नदीपासून सबंध चढ चालून आला होता. तो शांतपणे सभेच्या मधल्या दगडावर चढला, एक पाय उचलून पोटाच्या पिसांत घेतला, डोळे अर्धे मिटले आणि तसाच उभा राहिला. ही बंदराची दरबारी रीत असावी असे सभेला वाटले. भिवाने घाईने एक पाय उचलला. ते पाहून बाकीच्यांनी उचलले. सारी सभा एका पायावर उभी राहून डुलू लागली. येसू तेवढी बसून होती.

वकिलाने करार वाचला. आवाज गोड होता. डोंगराने चीक काढावा, बंदराने बूट करावेत. ज्याने त्याने आपापल्या जागी सुखी असावे. खोपीतले साचे आजच फोडावेत. माती औषधी असल्याने ती पूर्ववत बंदराला मिळावी. वाचून झाल्यावर त्याने कागद दगडावर पसरला आणि शाईची वाटी पुढे सरकवली.

"गावकर," तो म्हणाला, "इथे."

भिवा एका पायावर उड्या मारत पुढे आला. वाटीपाशी थांबला. येसूकडे वळला. त्याला ती भांडायला हवी होती, म्हणजे सही करणे सोपे गेले असते. पण तिचे लक्ष दगडाच्या पायथ्याशी होते.

"एकच सांग, आत्ये," तो म्हणाला. त्याचा आवाज आता ओरडण्याचा राहिला नव्हता. "ठेवली खोप. ठेवले साचे. डोंगरात सगळ्यांना झाले एकेक जोड. मग पुढं? मीठ बाहेरून यायचं तर बूट बाहेर गेले पाहिजेत. या डोंगराबाहेर तुझे बूट घालणार कोण? हे बगळे घालतील?"

सभा हसली, आणि हसताना आणखी डुलली. वकीलही चोचीच्या कडेने हसला.

येसूने ते ऐकले की नाही कळले नाही. ती हुंबल्यांकडे, झाडावरच्या लाल मुंग्यांकडे, पाहत होती. जांभा तांबडा, त्याच्यावर रक्त दिसत नाही. पण हुंबल्यांना दिसण्याची गरज नसते. त्यांची एक लाल रांग गवतातून निघाली होती, दगडावर चढली होती आणि वकिलाच्या बरोबर पोटाखाली जाऊन संपत होती. तिथे वरून काहीतरी ठिबकत होते.

येसू उठली. ती जवळ येते पाहून वकिलाने पाय पिसांत आणखी वर ओढला.

"ही आमच्याकडची उभं राहण्याची रीत आहे," तो म्हणाला.

"असेल," येसू म्हणाली, आणि खाली वाकून पाहिले. ज्या पायावर तो उभा होता त्या बुटाचा तळ मधल्या बोटापाशी उसवून लांब फाटला होता. उचललेल्या पायाचा बूट निम्मा गेलाच होता. त्याची तीन बोटे एका चिंधीला लोंबत होती आणि त्यांच्यातून जांभ्याने सोललेला, पातळ, गुलाबी, लांब बोटांचा खराखुरा पाय दिसत होता. बंदरात चिखल असतो. बुटांचा कारखाना चालवणाऱ्यांपैकी कुणी दगडावर चालून पाहिले नव्हते. वकील पहाटेपासून चालत होता, आणि तो पाय त्याला खाली टेकवता येत नव्हता.

हे हळूहळू सगळ्यांना दिसले. सभेतले पाय एकेक करून खाली आले. शेवटी भिवाचा आला. शाईची वाटी त्याने नकळत कागदापासून दूर सरकवली होती. कुणी हसले नाही. वकिलाने डोळे पुरते मिटून घेतले, आणि ज्याला इतक्या उंचावरून खाली पाहायची सवय होती त्याची मान पहिल्यांदाच वाकली.

येसू ओढ्यावर गेली. ओंजळ भरून लाल माती घेऊन आली. ती तिने करारावरच थापली, तळहाताने सारखी केली, बोट ओले करून कडा बुजवल्या आणि दगडासमोर मांडी घालून बसली.

"बसा पाहुणे," ती म्हणाली, "आणि तो पाय इकडे द्या, माप घेते."